मावशींची इंग्रजी

आमची पाचगणी इंग्रजीवर जेवते, असे म्हटले तर त्यात खोटे काही नाही. सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे हे गाव १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले. हवा चांगली म्हणून गोरे लोक राहायला आले, त्यांच्या मुलांसाठी शाळा आल्या. सेंट पीटर्स, किमिन्स, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट. पुढे आपल्या लोकांनी काढलेले संजीवन विद्यालय आणि १९४५ साली बहाई मंडळींनी सुरू केलेले न्यू एरा. लांबलांबून मुले येऊ लागली. १९५०च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा सेंट पीटर्समध्ये शिकायला आला, त्याचे नाव फारुख बलसारा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतले. हे सगळे टुरिस्टांना सांगितले की त्यांना फार आवडते.

पण या वसतिगृहांत जेवण शिजवणारे, कपडे धुणारे, फरशा पुसणारे, मुलींच्या वेण्या घालणारे आणि शाळेच्या बस चालवणारे हातही याच गावातले आहेत. त्यांची मुले नगरपालिकेच्या शाळेत जातात. एकाच टेकडीवर दोन पाचगण्या राहतात. एक इंग्रजीत बोलते, दुसरी 'येस सर' म्हणते.

आम्ही दुसऱ्या पाचगणीतले. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवराबायको. एक टुरिस्ट टॅक्सी चालवतो, दुसरी एका शाळेच्या वसतिगृहात आया आहे. सगळी मुले तिला मावशी म्हणतात. हा लेख एकीने सांगितला, दुसऱ्याने लिहून काढला आणि दोघांनी मिळून दुरुस्त केला, म्हणून यात 'मी' कुठे येणार नाही.

आमची मुलगी वाईच्या कॉलेजात जाते. हल्लीच्या पोरींप्रमाणे तिलाही कोरियन मालिकांचे वेड आहे. पाचगणीचा पाऊस जुलै महिन्यात घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, टॅक्सीचा धंदा बसलेला असतो. अशा एका रविवारी ती म्हणाली, "आई, पप्पा, मोबाईलमधलं सारखं काय बघतेस म्हणून ओरडता ना, मग आज तुम्हीच बघा माझ्याबरोबर." सिनेमा कोरियन, खाली अक्षरे इंग्रजी, आणि आमची मुलगी ती वाचून आम्हाला मराठीत सांगणार. असा तीन भाषांचा कारभार.

सिनेमाचे नाव 'प्लीज टीच मी इंग्लिश', म्हणजे 'मला इंग्रजी शिकवा हो'. किम सुंग-सू या दिग्दर्शकाने तो २००३ साली काढला. ली ना-यंग ही नायिका आणि जँग ह्यूक हा नायक. नायिका यंग-जू ही एका सरकारी कचेरीतली साधी कारकून. एके दिवशी कचेरीत एक परदेशी माणूस येतो आणि इंग्रजीत बोलू लागतो. सगळी कचेरी गारठते. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मग कुणीतरी इंग्रजी शिकून यावे असे ठरते आणि ते लोढणे बिचाऱ्या यंग-जूच्या गळ्यात पडते.

क्लासमध्ये प्रत्येकाला एकेक इंग्रजी नाव घ्यायचे असते. ही होते कँडी. तिथला एक देखणा, बडबड्या मुलगा होतो एल्व्हिस. त्याचे खरे नाव मून-सू, चपला-बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत बूट घालून देणारा विक्रेता. कँडीचा जीव त्याच्यावर जडतो, आणि त्याचा डोळा गोऱ्या शिक्षिकेवर. पुढची गंमत आपण समजू शकता. शब्द चुकतात, अर्थाचा अनर्थ होतो, आणि पोट धरून हसावे लागते. आम्हीही हसलो.

पण एका ठिकाणी आमचे हसू थांबले. हा बूट विकणारा पोरगा इंग्रजी कशाला शिकतो आहे? त्याची बहीण लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेली असते. ती आता घरच्यांना भेटायला येणार आहे आणि तिला कोरियन येत नाही. सख्ख्या बहिणीशी बोलायला परकी भाषा शिकावी लागते आहे. ही नुसती सिनेमातली गोष्ट नाही. १९५०-५३च्या युद्धाने कोरिया उद्ध्वस्त झाला. तेव्हापासून पुढच्या काही दशकांत दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले परदेशांत दत्तक दिली गेली. ज्या आईच्या पोटी जन्म घेतला, तिच्याशी दुभाष्या घेऊन बोलायची वेळ त्यांतल्या अनेकांवर आली. हसत्याखेळत्या सिनेमात हा काटा दिग्दर्शकाने हळूच ठेवून दिला आहे.

आपल्याकडे याच विषयावरचा 'इंग्लिश विंग्लिश' हा सिनेमा २०१२ साली आला. पुष्कळ घरांत तो टीव्हीवर पाहिला असेल. श्रीदेवीने केलेली शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी, लाडू करून विकणारी. तिच्या मुलीला शाळेतल्या पालकसभेत आईची लाज वाटते. भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला गेली असताना एका कॉफीच्या दुकानात तिची अशी फजिती होते की ती रडत बाहेर पडते. मग ती कुणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात जाते. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांची आई पुण्यात लोणच्याचा व्यवसाय करायची. लहानपणी आपल्याला आईच्या इंग्रजीची लाज वाटायची, त्याची माफी म्हणून हा सिनेमा केला, असे त्यांनीच सांगितले आहे.

दोन्ही सिनेमांत एक गोष्ट सारखी आहे. कचेरीत, दुकानात किंवा घरात जो माणूस गप्प होतो, तोच वर्गात बोलू लागतो. कारण वर्गात सगळेच अडखळणारे असतात. शशीच्या वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, फ्रेंच आचारी आहे, मेक्सिकोची दाई आहे. तिथे चुकले तर शेजारचाही हसतो, पण तो आपल्याबरोबर हसतो. बाहेरचे हसणे वेगळे असते. ते माणसाला जागच्या जागी बसवते.

हे बसवणे म्हणजे काय, ते आमच्या घरात माहीत आहे. वसतिगृहातली ही गोष्ट. आठ वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणला होता. मुख्य बाई दुसऱ्या इमारतीत गेलेल्या, आणि फोन वाजला. मुलाचे वडील दुबईहून बोलत होते आणि त्यांना इंग्रजीच येत होती. मावशींना सगळे ठाऊक होते. ताप १०१ आहे, आठ वाजता औषध दिले आहे, दोन चमचे मऊ भात पोटात गेला आहे, आता घाम येऊन झोप लागली आहे, काळजीचे कारण नाही. हे सगळे मनात मराठीत जय्यत तयार होते. तोंडातून बाहेर पडले ते एवढेच: "बेबी... फीवर... फीवर..." तो बाप तिकडे आणखी घाबरला, मोठ्याने विचारू लागला. इकडे हातातला रिसीव्हर थरथरायला लागला. दहा मिनिटांनी बाई आल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितले. पण त्या दहा मिनिटांत त्या बापाच्या जिवाचे काय झाले असेल? ज्या बाईने त्याच्या लेकराचे डोके मांडीवर घेतले होते, तिच्याकडून त्याला ते कळू शकले नाही.

त्याच शाळेत पुढे मेट्रनची जागा निघणार असे कळले. पगार आयाच्या पगारापेक्षा बराच जास्त. अट एकच, पालकांशी इंग्रजीत बोलता आले पाहिजे. अट चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या रात्रीनंतर तर मुळीच नाही. पण सतरा वर्षे मुलांची आजारपणे काढलेली बाई त्या अटीपाशी थांबते आणि वर्षभराचा अनुभव असलेली बाहेरची बाई पुढे जाते, हेही खरे आहे.

तुम्ही म्हणाल, मग शाळेत काय शिकलात? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आम्ही धडे पाठ केले, शब्दार्थ लिहिले, व्याकरणाचे मार्क मिळवले. पण वर्गात कुणी कुणाशी एक वाक्य इंग्रजीत बोलले असेल तर शपथ. पोहण्याचे पुस्तक पाठ करून धोम धरणात उडी मारण्यासारखे ते झाले. टॅक्सीवाल्याची इंग्रजी मात्र रस्त्यावर तयार झाली. 'सर, सिडनी पॉइंट, व्हेरी ब्युटिफुल, टेन मिनिट्स ओन्ली.' तिला व्याकरण नाही, पण तिने बावीस वर्षे घर चालवले आहे. माणूस ज्या भाषेचा दिवसभर उपयोग करतो, ती त्याला येते, एवढे त्यातून आम्हाला कळले.

सिनेमा संपल्यावर मुलीने कोरियाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. पूर्वी कोरियात लिहिणे-वाचणे चिनी अक्षरांत चाले. ती हजारो अक्षरे शिकायला वर्षे लागत, म्हणून विद्या मूठभर उच्चकुलीनांच्या हातात राहिली. पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने सामान्य माणसाला शिकता येतील अशी सोपी अक्षरे तयार केली. १४४६ साली ती जाहीर झाली. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला. चिनी अक्षरे सोडून वेगळी लिपी करणे हे रानटीपणाचे लक्षण, असे त्यांचे म्हणणे. पुढे शतकानुशतके बड्या लोकांनी या लिपीला हलकी मानले, बायकामाणसांची आणि गरिबांची लिपी म्हणून हिणवले. आज तीच हंगुल लिपी त्या देशाचा अभिमान आहे. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला तिच्यासाठी सुटी असते.

आणि याच देशात आता इंग्रजीची एवढी धास्ती, की तिथे गल्लोगल्ली खासगी क्लास आहेत. पाजू या ठिकाणी तर २००६ साली चक्क एक 'इंग्रजी गाव' उघडले. मुलांना परदेशात न जाता इंग्रजीत वावरता यावे म्हणून तिथे इंग्रजी बोलणारी माणसे आणून बसवली. हे ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. आम्ही तर जन्मापासून इंग्रजी गावात राहतो! फक्त आमचा प्रवेश मागच्या दाराने.

भाषा कुणी शिकायची आणि कुणी नाही, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आमच्या सातारा जिल्ह्याचीच उदाहरणे घ्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता लिहिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, हे आपण जाणतोच. पण नाव घातले ते 'इंग्रजी पहिली'च्या वर्गात, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. पुढे मुंबईत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, तेव्हा त्यांनी फारसी घेतली. एक दार लावले तर दुसऱ्या दाराने आत गेले. आपल्या घरात कुणी चाळिशीत भाषा शिकायला बसले, तर तो नवा थाट आहे असे कुणी समजू नये.

घरात मात्र तसे समजले गेले. आमच्या थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, "चाळिशी उलटली, आता मडमीण व्हायचंय का?" शेजारपाजाऱ्यांतही कुजबुज झाली. मुलीने कुणाचे ऐकले नाही. समाजमंदिराची खोली रात्री नऊनंतर रिकामी असते. वसतिगृहांतली जेवणे उरकली की त्याच वेळी बायका मोकळ्या होतात. पहिल्या दिवशी चौघी आल्या, दिवाळीनंतर अकरा जण झाले. त्यात दोन टॅक्सीवाले आणि हॉटेलात भांडी घासणारा एक पोरगा. फी नाही. खडू आणि वह्यांचा खर्च वाटून.

पुस्तक नाही, हे आमच्या वर्गाचे वैशिष्ट्य. प्रत्येकाने आपल्या कामातली पाच वाक्ये मराठीत सांगायची. मुलगी ती इंग्रजीत करून देवनागरीत फळ्यावर लिहिते. आधी तोंडात बसवायची, इंग्रजी अक्षरांत लिहिणे नंतर. आमचे पहिले वाक्य तापाचे होते: 'द चाइल्ड हॅज फीवर. आय गेव्ह मेडिसिन अ‍ॅट एट. ही इज स्लीपिंग नाऊ. डोंट वरी, सर.' लाँड्रीत काम करणाऱ्या बाईंचे वाक्य होते, 'वन बटन इज मिसिंग.' भांडी घासणाऱ्या पोराने विचारले, "साहेब, पगार कधी देणार, हे कसं म्हणायचं?" त्या दिवशी सगळा वर्ग हसला, आणि ते वाक्य सगळ्यांनी सर्वांत आधी पाठ केले.

फळ्याच्या कोपऱ्यात एक नियम कायमचा लिहिला आहे: 'वाक्यावर हसा, माणसावर नाही.' हा नियम आम्ही सिनेमाकडून घेतला. आमच्याच पाचगणीत, न्यू एरा हायस्कुलात, २००७ सालच्या 'तारे जमीन पर'चे चित्रीकरण झाले. अक्षरे न जुळणाऱ्या मुलाला ढ म्हणू नका, हे त्या सिनेमाने देशाला शिकवले. ज्यांना ते पटले त्यांनी एवढाच विचार करावा, की जी सवलत आपण लहान मुलाला देतो, ती मोठ्या माणसाला का देत नाही? मोठ्या माणसालाही अक्षरे नाचताना दिसतात. लाजेने त्याचीही बोबडी वळते.

सिनेमात प्रेम असते, मग आमच्या वर्गात काय, असे कुणी विचारील. सांगायला हरकत नाही. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली. सकाळी टॅक्सीची किल्ली, रात्री भाकरी, महिन्याला हप्ता, एवढेच बोलणे राहिले होते. वर्गात जोड्या लावून प्रश्नोत्तरे करायची असतात. आमच्या दोघांची जोडी लागली. "हाऊ आर यू टुडे?" असे एकाने विचारले. उत्तर 'आय अ‍ॅम फाइन' हे फळ्यावर लिहिलेले होते. पण दुसरीने मराठीतच सांगितले, "पाय फार दुखताहेत हो." आज कशी आहेस, असे मराठीत कुणी कधी विचारलेच नव्हते. ते इंग्रजीच्या निमित्ताने विचारले गेले. त्या रात्रीपासून पाणी तापवून देण्याचे काम घरात पप्पांकडे आले आहे.

इंग्रजी आली म्हणजे मराठी हलकी झाली, असे आम्ही मानत नाही. आमच्या शेजारच्या भिलार गावी स्ट्रॉबेरीची शेते आहेत, आणि २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले आहे. लोकांच्या घराघरांत मराठी पुस्तके ठेवली आहेत, जाऊन बसावे आणि वाचावे. वर्गातल्या मंडळींना आम्ही एकदा टॅक्सीतून तिथे नेऊन आणले. 'इंग्लिश विंग्लिश'च्या शेवटी इंग्रजी शिकलेली शशी विमानात हिंदी वर्तमानपत्र आहे का असे विचारते, ते आम्हाला म्हणूनच आवडले. आणि आमची मुलगी आता कोरियन अक्षरे गिरवते आहे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येणाऱ्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचेही नाव आहे. राजाने गरिबांसाठी केलेली लिपी आमच्या घरातल्या वहीत उमटते आहे, याचे आम्हाला कौतुक वाटते.

मेट्रनच्या जागेची मुलाखत अजून व्हायची आहे. ती जागा मिळेल की नाही, कोण सांगणार? पण मागच्या थंडीत वसतिगृहात पुन्हा एका मुलाला ताप आला आणि पुन्हा परगावचा फोन आला. मावशींनी चारही वाक्ये सांगितली. तिसरे वाक्य चुकले, मुलगा असून 'शी इज स्लीपिंग' असे गेले. पलीकडच्या आईला ते कळले, ती हसली, आणि तिनेच विचारले, "ही इज स्लीपिंग?" "येस मॅडम, ही, ही." मग दोघीही हसल्या. एका लेकराच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन बायका.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरात कुणी वाढत्या वयात काही शिकू पाहत असेल, मग ती सून असो, सासू असो, नाहीतर निवृत्त झालेले वडील, तर त्यांना दोन गोष्टी द्या. रोजचा एक तास, ज्यात त्यांना कुणी चहा मागणार नाही. आणि चुकायची मोकळीक. त्यांच्या कामातली पाच वाक्ये आजच काढा, मुलांना शिक्षक करा. खर्च खडूचा येतो, तेवढा आपल्याला झेपेल.